जमीन शेवटी घ्या, ताई

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"आम्ही भुसावळला राहतो. यजमान रेल्वेत आहेत, पुढच्या वर्षी निवृत्त होतील, पेन्शन सुरू होईल. मी 54 वर्षांची. गेल्या वर्षी मधमाशीपालनाचं प्रशिक्षण घेतलं आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. यजमानांचं लहानपण अमळनेर तालुक्यात ढोरांमध्ये गेलं. तिथल्या वडिलोपार्जित शेताच्या सातबाऱ्यावर भावांबरोबर त्यांचंही नाव आहे, पण ते शेत भाऊच करतात आणि आम्हाला त्यात वाटा मागायचा नाही. आता यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, 2 एकर कोरडवाहू जमीन 22 लाखांत मिळते आहे. मालकाच्या 5 एकरांतला हा तुकडा. सामायिक विहिरीत चार आणे हिस्सा, वीज नाही, रस्ता दुसऱ्याच्या बांधावरून. आजूबाजूला केळी आणि कापूस. दलाल म्हणतो, 'वर्ग-2' आहे म्हणून स्वस्त आहे, कुलमुखत्यारपत्र करून घेऊ, पुढे नावावर होईल; पण आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत बयाणा द्या. आमच्याजवळ निवृत्तीचे पैसे धरून 35 लाख होतील. मनात आहे ते असं: 50 पेट्या मधमाश्या, 2 गीर गाई, 20 शेळ्या, थोड्या गावरान कोंबड्या. पुण्याचा मुलगा म्हणतो, या वयात हा वेडेपणा आहे. काय करू?"
— एक वाचक, भुसावळ

ताई,

ही जमीन घेऊ नका. बयाणाही देऊ नका. मधमाश्या मात्र याच वर्षी आणा.

तुम्ही लिहिलेल्या यादीत जमीन पहिली आहे आणि बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. माशीला तुमची जमीन लागतच नाही. शेळीला जमिनीपेक्षा चारा आणि रोज दोन वेळा गोठ्यात येणारा माणूस लागतो. गायीला त्याहून जास्त. तुम्हा दोघांना यातलं काय जमतं, काय आवडतं आणि काय झेपत नाही हे कळेपर्यंत जमीन किती हवी, कुठे हवी, हे ठरवताच येत नाही. म्हणून जमीन शेवटी.

पण आधी त्या दलालाचं बोलणं निकालात काढू, कारण त्यात धोका आहे.

सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-2' असेल तर ती जमीन सरकारकडून किंवा एखाद्या कायद्याखाली अटींवर मिळालेली असते. ती विकायला सक्षम अधिकाऱ्याची, बहुधा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि अनेकदा नजराणा, म्हणजे सरकारला द्यायची रक्कम, भरावा लागतो. ती परवानगी विकणाऱ्यानं व्यवहाराच्या आधी आणायची असते. 'पुढे नावावर होईल' या तीन शब्दांवर 22 लाख ठेवायचे नसतात. कुलमुखत्यारपत्रानं मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 सालीच स्पष्ट सांगितलं आहे. शिवाय साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं. उद्या मालक गेला तर त्याच्या मुलांच्या आणि लेकींच्या दारात तुम्हाला उभं राहावं लागेल, आणि त्यांचं तुमच्याशी काहीच देणंघेणं नसेल.

यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांच्या डोंगराकडच्या भागात आणखी एक गोष्ट न विचारता पुढे जाऊ नये. तिथल्या पुष्कळ जमिनी पावरा, तडवी, भिल्ल कुटुंबांच्या आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीनं विकत घ्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि तिला शासनाची पूर्वमान्यताही लागते. तसं न करता झालेला व्यवहार टिकत नाही, जमीन मूळ मालकाला परत जाऊ शकते. हा कायदा योग्यच आहे, कारण त्या लोकांच्या हातून फार जमिनी गेल्या आहेत. तुम्ही पत्रात मालक कोण ते लिहिलेलं नाही. दलालानं सांगितलं नसेल तर त्याचा अर्थही लक्षात घ्या.

एक चांगली बाजू आहे. आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, पण यजमानांचं नाव अमळनेरच्या सातबाऱ्यावर असल्यानं ते शेतकरी ठरतात. तो उतारा आणि आठ-अ (खातेउतारा) काढून ठेवा. तुम्ही वाटा मागणार नाही, हा मोठेपणा आहे. पण भावांनी प्रेमानं जरी 'हक्कसोड करून दे' म्हटलं, तरी नवी जमीन नावावर होईपर्यंत सही करू नका. ते नाव निघालं की शेतकरी असल्याचा पुरावाच जातो. भावांना हे कारण मोकळेपणानं सांगा, ते समजून घेतील. नवी जमीन पुढे दोघांच्या नावावर घ्यायची असेल, आणि ती तशी घ्यावी असं मला वाटतं, तर खरेदीखत लिहिण्याआधी वकिलाला तुमच्या नावाबद्दल वेगळं विचारा.

आता माश्यांकडे येते.

तुम्ही 2 एकरांत 50 पेट्या ठेवायचं म्हणता. माशी चाऱ्यासाठी सहज दोन किलोमीटरपर्यंत जाते, गरज पडली तर त्याच्याही पुढे. दोन किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर आत सुमारे 3,000 एकर जमीन येते. त्या 3,000 एकरांतले तुमचे फक्त 2. तुम्ही बांधावर कितीही फुलझाडं लावली तरी माश्या जगणार आहेत त्या शेजाऱ्यांच्या पिकांवर आणि शिवारातल्या झाडांवर. म्हणून माश्यांसाठी जागा पाहायची तर गट नंबर बाजूला ठेवून शिवार पाहायचं.

आणि ते शिवार बारा महिने पाहावं लागतं. आपल्याकडे पावसाळा सरता सरता बोर, बाजरी, तीळ, कापूस असतो, पुढे तूर, थंडीत सूर्यफूल, कोथिंबीर, नंदुरबारकडे ओवा, माघ-फाल्गुनात कांद्याच्या बियाण्याचे डेंगळे, लिंबू-मोसंबीचा आंबिया बहार, टरबूज-खरबुजाच्या वाड्या, मग निंब आणि डोंगरात मोह. आश्विनापासून चैत्रापर्यंत आपली माशी बरी खाते. वैशाखात आणि ऐन पावसाळ्यात मात्र उपासमार. भुसावळचा पारा मे महिन्यात 45 च्या पुढे जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. पेटीच्या आत पिल्लांजवळ माशीला 34-35 अंश राखावे लागतात. बाहेर 45 असले की पुष्कळ माश्या मध सोडून पाणीच वाहतात. मेण मऊ पडतं, भरलेली पोळी खाली बसतात. त्या दिवसांत दाट सावली, पेटीवर ओली पोती आणि जवळ उथळ भांड्यात पाणी नसेल तर वसाहत टिकत नाही. पावसाळ्यात साखरेचा पाक द्यावा लागतो. 5 पेट्यांना तो घरच्या पातेल्यात होतो. 50 पेट्यांना साखरेची पोती आणावी लागतात, आणि फुलं संपली की ट्रक करून पेट्या दुसऱ्या शिवारात न्याव्या लागतात. हा मोठा, फिरता धंदा आहे. तरुण पोरं रात्रीची पेट्या लादून तो करतात. तुम्ही पहिल्याच वर्षी त्यात उतरू नये.

जातीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण प्रशिक्षणात देशी सातेरी आणि परदेशी मेलिफेरा दोन्ही सांगितल्या असतील. सातेरी ही डोंगरातल्या झाडीची माशी. तापीकाठच्या उघड्या उन्हात तिला जबरदस्तीनं ठेवलं तर ती पेटी रिकामी करून निघून जाते. मैदानात मेलिफेरा घ्या आणि ओळखीच्या, जवळच्या मधपाळाकडून घ्या. विकत घेताना पेटी उघडून राणी, अंडी आणि सीलबंद पिल्लं डोळ्यांनी पाहा. झाकण न उघडता पेटी विकणाऱ्याकडून घेऊ नका.

आता फवारणी. तुम्हाला दाखवलेल्या जमिनीबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी इथेच वाटते. कापसावर तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी, पुढे बोंडअळी; पाठोपाठ फवारे होतात आणि त्यातली बरीच औषधं मधमाशीला सरळ मारतात. केळीच्या पट्ट्यात तर कमळ (केळफूल) निघताना त्यात फुलकिड्यांसाठी औषध टोचतात, आणि केळफुलावर माशी हमखास येते. शेतकऱ्याला मी दोष देत नाही, त्याचं पीक त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. पण चारी बाजूंनी केळी आणि कापूस असलेल्या 2 एकरांत 50 पेट्या ठेवणं म्हणजे त्यांचा जीव दुसऱ्याच्या पंपाच्या हवाली करणं. तीच जमीन जंगलाला लागून असती, किंवा आजूबाजूला लिंबाचे मळे आणि कांद्याचं बियाणं असतं, तर मी वेगळं लिहिलं असतं.

शिवार माश्यांना मानवतं का, हे ओळखायची एक जुनी रीत आहे. कुंपणाच्या काटेरी झुडपात फुलोरी माशीची लहान पोळी दिसतात का, वडाच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या उंच जागी आग्या मोहोळ दरवर्षी येऊन बसतं का, हे गुराख्यांना विचारा. रानच्या माश्या जिथे आपल्या पायानं येऊन राहतात, तिथे खायला आहे आणि विष कमी आहे. कुठल्याही अहवालापेक्षा मी यावर जास्त विसंबून राहीन.

म्हणून या दसऱ्याच्या सुमाराला, पाऊस ओसरल्यावर, 5 पेट्या घ्या आणि कुणाच्या तरी मळ्यात ठेवा. पाचोरा-भडगावकडे लिंबू-मोसंबी आहे, पण तुम्हाला रोजचं नाही तरी आठवड्याचं जाणं-येणं झेपलं पाहिजे. भुसावळपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या आत कांद्याचं बियाणं किंवा टरबूज करणारा ओळखीचा शेतकरी शोधा. टरबूज, खरबूज आणि कांद्याचं बी यांना माशीशिवाय फळ-दाणा नीट धरत नाही, हे आता आपल्या शेतकऱ्यांनाही माहीत झालं आहे. काही जण पेट्यांचं भाडं देतात. तुम्ही पहिल्या वर्षी भाडं मागू नका, त्याऐवजी दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या: फवारणीच्या आदल्या दिवशी फोन करायचा, आणि शक्यतो संध्याकाळी माश्या परतल्यावर फवारायचं. फोन आला की अंधार पडल्यावर पेट्यांची दारं जाळीनं बंद करायची, हवा खेळती ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं तापायच्या आत परिस्थिती पाहून उघडायची. उन्हात दिवसभर कोंडलेली पेटी औषधाशिवायही मरते.

पेट्यांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा म्हणजे मुंग्या चढत नाहीत. आठ-दहा दिवसांनी प्रत्येक पेटी उघडून पाहा. मेणकिडा शिरला की कमकुवत वसाहत पंधरवड्यात संपवतो, आणि पाच पेट्यांपैकी एखादी जाणारच आहे, त्याचं मनाला लावून घेऊ नका. अडचण आली तर रावेर तालुक्यातलं पालचं कृषी विज्ञान केंद्र आणि जळगावजवळचं ममुराबादचं केंद्र दोन्ही तुमच्या आवाक्यात आहेत. महाबळेश्वरच्या मध संचालनालयामार्फत खादी ग्रामोद्योग मंडळाची मध केंद्र योजना चालते, तिच्यात पेट्यांना 50 टक्के अनुदान आहे. जिल्ह्याच्या खादी मंडळाच्या कार्यालयात अर्ज करा. राष्ट्रीय मधमाशी मंडळाच्या मधुक्रांती पोर्टलवर नोंदणीही करून घ्या.

मध काढायचा तो पोळं तीन चतुर्थांश तरी मेणानं झाकलं गेल्यावरच. आधी काढला तर पाणी जास्त राहतं आणि मध आंबतो. कायद्यानंही मधात 20 टक्क्यांच्या वर पाणी चालत नाही. विकायचा असेल तर अन्नसुरक्षा नोंदणी लागते. आणि आपल्याकडचा कापसावरचा मध लवकर गोठतो, रवाळ होतो. गिऱ्हाईक साखर घातली म्हणून परत आणतं. बाटलीवर ते आधीच लिहून टाका, आणि गोठलेली बाटली कोमट पाण्यात ठेवायला सांगा.

माश्या आणि ढोरं एकाच ठिकाणी ठेवायचं तुमचं चित्र मला समजतं, आणि ते होऊ शकतं. पण ही दोन्ही एकमेकांना त्रासही देतात, हे कुणी आधी सांगत नाही. बांधलेल्या जनावराला पळता येत नाही. माश्या बिथरल्या तर माणूस धावून घरात शिरतो, खुंट्याला बांधलेली गाय तिथेच मरते. म्हणून पेट्या गोठ्यापासून दूर, मध्ये दाट कुंपण आणि दारं विरुद्ध दिशेला. गोठ्यातल्या ओल्या, खारट जागेवर माश्या पाण्यासाठी येतात, तेव्हा त्यांचं पाणी वेगळं आणि पेटीजवळ हवं. गोचिडांसाठी आपण सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन सर्रास मारतो. ते माशीला तितकंच घातक आहे. गोठ्यात फवारणी करायची तर रात्री, आणि मोकळ्या हवेत उडेल अशी नाही.

शेळीचं तर आणखी वेगळं. शेळीला जे आवडतं तेच माशीला हवं असतं: बोर, बाभूळ, शेवगा, हादगा, कुंपणावरची वेल. मोकळी सोडलेली 20 शेळ्यांची खांड एका हंगामात बांधावरचं सगळं फूल संपवते. म्हणून माश्या ठेवायच्या असतील तर शेळ्या बंदिस्त, आणि बंदिस्त म्हणजे त्यांना चारा आणून घालायचा. एका शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा, किलोभर वाळला आणि पाव किलोच्या आसपास खुराक धरा. गायीला पंधरा-वीस किलो हिरवा आणि पाच-सहा किलो कडबा. 2 कोरडवाहू एकरांत 20 शेळ्या आणि 2 गाई जून उजाडेपर्यंत जगत नाहीत. दादरचा (रब्बी ज्वारीचा) कडबा, मक्याची कुट्टी, सरकीची ढेप, सगळं विकत. यावल-रावेरकडे केळीचा खांब चिरून घालतात. उन्हाळ्यात त्याचा आधार होतो, पण त्यात पाणीच जास्त, एकटा घातला तर जनावर ढाळतं. मला विचाराल तर या कामाला 2 एकर कोरडवाहूपेक्षा हक्काच्या पाण्याची 1 एकर जमीन केव्हाही चांगली. अर्ध्या एकरात नेपियर, मका आणि लसूणघास, बांधावर शेवरी, हादगा आणि थोडी सुबाभूळ. सुबाभूळ हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त घालायची नाही.

सामायिक विहिरीतला चार आणे हिस्सा म्हणजे पाळी, आणि पाळी म्हणजे मार्च-एप्रिलमधली भांडणं. पायथ्याच्या या पट्ट्यात केळीनं पाणी किती खोल नेलं आहे ते तुम्ही जाणताच. यजमान भाऊबंदकी टाळायला अमळनेरची जमीन सोडतात, आणि अनोळखी माणसांच्या विहिरीवर तीच भाऊबंदकी विकत घेणार. तसं करू नका.

शेळ्यांची सुरुवात चाऱ्याची सोय नसताना करू नका, पण सोय झाल्यावरही 5 माद्यांनीच करा. बाजारातून एकदम खांड आणू नका, बाजारात कुठला आजार अंगावर येतो कळत नाही. गावातल्याच घरून, आई दाखवतील अशा पाठी (मादी करडं) घ्या, आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या ठेवा. पीपीआर (शेळ्यांचा साथीचा रोग) आणि आंत्रविषाराच्या लसी पावसाआधी. शेळी पाच महिन्यांत विते, बहुधा जुळी देते, दोन वर्षांत तीन वेत मिळतात. 5 च्या 20 व्हायला तुम्हाला वाट पाहावी लागणार नाही. पशुसंवर्धन खात्याची 10 शेळ्या आणि 1 बोकड अशी योजना आहे, सर्वसाधारण गटाला 50 टक्के अनुदान. पण अनुदान मिळतं म्हणून 10 घेऊ नका. आणि सातपुड्याच्या बाजूला राहिलात तर बिबट्या आहेच, यावलचं अभयारण्यच तिथे आहे. गोठ्याला वरूनही जाळी हवी.

जनावरांत गाय सगळ्यात शेवटी, आणि एकच. माशीची पेटी आठ दिवस एकटी राहते. शेळी एक दिवस राहत नाही. गाय अर्धा दिवस राहत नाही. पुण्याला नातवंडाच्या बारशाला जायचं तर धार कोण काढणार? सालदार ठेवायचा तर आखाजीला वर्षाची बोली ठरते, आणि एका गायीच्या दुधावर सालदार परवडत नाही. गीर गाय देखणी आहे, तुमच्या मनात ती का आली ते मला कळतं. पण 2015 पासून राज्यात गोवंश हत्याबंदी आहे. आटलेली गाय आणि झालेला गोऱ्हा दोघांना अखेरपर्यंत सांभाळायचं आहे, आणि गाय सहज पंधरा वर्षं जगते. तेव्हा तुम्ही सत्तरीला टेकला असाल. हे ओझं म्हणून सांगत नाही. जिवाला जीव देणारी माणसं असाल तर ते ओझं वाटणारही नाही. पण आज ठरवताना तेवढं पुढचं पाहा. 2022 च्या ऑगस्टमध्ये लम्पीची (गुरांच्या त्वचारोगाची) मोठी साथ महाराष्ट्रात आली ती पहिल्यांदा आपल्याच जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यात दिसली. त्या दिवसांत लोकांनी रात्र-रात्र जनावरांजवळ बसून काढली. यजमानांना ते करायला आवडेल का, हे त्यांनाच विचारा. लहानपणी ढोरांत वाढणं आणि साठीत पहाटे साडेचारला शेण काढणं यात फरक असतो.

कोंबड्या घरापुरत्या ठेवा. 2006 साली देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरला निघाला होता. मोठ्या संख्येनं ठेवलेल्या कोंबड्यांचं काय होतं ते खानदेशानं पाहिलं आहे.

मग जमीन कशी पाहायची? घाई नसल्यामुळे तुम्हाला दोन ऋतूंत पाहता येईल. मे महिन्यात विहिरीत पाणी किती आहे ते पाहा आणि ऑगस्टमध्ये रस्ता. काळ्या मातीतून पावसाळ्यात चालत जाता येतं का, ढेपेचं पोतं आणि दुधाचं भांडं घेऊन? दुसऱ्याच्या बांधावरून जाण्याचा रस्ता नोंदीत नसेल तर शेजारी बदलला की तो बंद होतो. महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे रस्ता मागता येतो, पण ती पायपीट तुमच्या वाट्याला कशाला? नोंद असलेला रस्ताच घ्या. मोठ्या गटातला तुकडा असेल तर आधी मोजणी, पोटहिस्सा वेगळा, हद्दीच्या खुणा रोवलेल्या, आणि मगच खरेदी. 2023 पासून कोरडवाहूला 20 आणि बागायतीला 10 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे, त्यामुळे एक एकर घ्यायला तुकडेबंदी आडवी येत नाही. मोजणी न करता घेतलेला एकर मात्र सातबाऱ्यावर कायम सामायिक राहतो. जुने फेरफार वाचून घ्या, वकिलाकडून 30 वर्षांचा शोध काढा, विकणाऱ्याच्या बहिणींच्या सह्या आहेत का पाहा, वर्तमानपत्रात नोटीस द्या. वीज नसेल आणि विहीर किंवा बोअर तुमचं स्वतःचं असेल तर सौर कृषी पंपाच्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला 10 टक्केच भरावे लागतात.

पैशांचं मी स्पष्ट सांगते. 35 लाखांपैकी जमीन, विहीर, गोठा, जनावरं, पेट्या, सगळं मिळून 20 च्या वर जाऊ नका. तुमच्या आजच्या बेतात 22 नुसत्या जमिनीलाच जातात, आणि पाणी, वीज, कुंपण अजून मोजलेलंच नाही. उरलेले 15 लाख बँकेत राहू द्या. या वयात पहिला मोठा खर्च दवाखान्याचा निघतो, वावरात अडकलेला पैसा त्या रात्री हाती येत नाही.

मुलगा वेडेपणा म्हणतो त्याचा राग धरू नका. 22 लाख मुखत्यारपत्रावर देण्याला तो म्हणत असेल तर बरोबरच आहे. पण तुमच्या माश्यांच्या ओढीला म्हणत असेल तर त्याला दिवाळीत घरी बोलवा, जाळीची टोपी घालायला द्या आणि तुमच्यासमोर एक पेटी उघडू द्या. एवढं मात्र आधी करा: घरात कुणाला माशी चावल्यावर अंगभर गांधी उठणं, दम लागणं असं कधी झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना पेटीजवळ नेऊ नका. तुम्ही दोघांनीही हे तपासून घ्या.

वर्षभर एक वही ठेवा. कुठल्या महिन्यात शिवारात काय फुललं, माश्यांनी काय आणलं, कुठे फवारणी झाली, किती साखर लागली. पुढच्या आखाजीला जमीन पाहायला निघाल तेव्हा ती वही बरोबर न्या. आणि पहिला मध निघेल तो विकू नका. ज्यांच्या वावरात तुमच्या माश्या चरल्या त्या घरांमध्ये अर्धा-अर्धा किलो नेऊन द्या, आणि देतानाच त्यांच्या पुढच्या फवारणीची तारीख विचारून वहीत लिहून घ्या.